काचेच्या सळईचा बीम मोडताना

बी.ई.ला आरसीसी शिकवताना सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात. बीम अंडर-रिइन्फोर्स्ड ठेवायचा. म्हणजे लोखंड बेताचंच घालायचं. भार वाढत गेला तर आधी सळई यील्ड होईल (न तुटता ताणत जाईल), बीम झुकेल, तडे रुंद होतील आणि खालच्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळेल. काँक्रीट आधी चिरडलं तर तो वेळ मिळत नाही. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या कोडमध्ये एफई ५०० या नेहमीच्या सळईसाठी न्यूट्रल अ‍ॅक्सिसच्या खोलीवर (छेदात वरचा दाब संपून ताण सुरू होतो ती रेघ किती खाली आहे, त्यावर) सळईपर्यंतच्या खोलीच्या ०.४६ पट इतकी मर्यादा आहे, ती याचसाठी. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते, आणि नंतर साइटवर काम करताना हाताखालून गेलेलं प्रत्येक ड्रॉइंग याच हिशोबाचं होतं.

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी ग्लास फायबरच्या सळया घ्यायचं ठरलं आणि सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "हे सगळं आता उलटं करायचं. तुझे बीम ओव्हर-रिइन्फोर्स्ड पाहिजेत. काँक्रीटच आधी गेलं पाहिजे."

मी वहीत लिहून घेतलं, पण पटलं नव्हतं.

विषय मीच निवडला होता. मी रत्नागिरीकडची. समुद्रालगत स्लॅबचे पोपडे पडणं, बाल्कनीखाली तांबडी सळई उघडी पडणं, दर पाच-सहा वर्षांनी कुणीतरी येऊन त्यावर पॉलिमर मॉर्टरचा लेप देऊन जाणं, हे आमच्याकडे रंगकामाइतकंच नेहमीचं आहे. खारं वारं आत शिरतं, क्लोराइड सळईपर्यंत पोचतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे सळईवरचं काँक्रीटचं कव्हर आतून फुटतं. सळईच गंजणारी नसेल तर? एवढ्याच विचारावर मी विषय घेतला. गंज हा प्रश्न सुटतो, यात शंका नाही. पण त्याच्या बदल्यात दुसरे कोणते प्रश्न अंगावर येतात, ते बीम मोडायला लागल्यावर कळलं.

सळया आल्या त्या दिवशी लॅबमधल्या मामांनी दहा एमएमचा अख्खा बंडल एका हाताने उचलला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मॅडम, ह्याच्यात लोखंड हाय का न्हाय?" नव्हतंच. दहा एमएमची लोखंडी सळई मीटरला ६१७ ग्रॅम भरते, ही साधारण १६० ग्रॅम. काचेचे लांबलचक तंतू रेझिनमध्ये भिजवून, तापलेल्या डायमधून ओढून काढतात, त्याला पल्ट्रूजन म्हणतात. काँक्रीटला धरून राहावी म्हणून वरून तंतूचा पीळ गुंडाळलेला आणि बारीक वाळू चिकटवलेली. रेझिन व्हिनाइल एस्टर. ते महत्त्वाचं असतं, कारण काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि उघड्या काचेला ते अल्कलीपण सोसत नाही. सगळा भरवसा त्या रेझिनच्या कवचावर.

पहिला प्रश्न सळयांभोवती बांधायच्या चौकोनी रिंगांचा. ही सळई साइटवर वाकवता येत नाही. रेझिन एकदा पक्कं झालं की झालं. फिटर जसा पाट्यावर खिळे ठोकून दणादण रिंगा काढतो, तसं इथे चालत नाही. हवा तो आकार कारखान्यातच वळवून आणावा लागतो, आणि वळणाच्या जागी तिची ताकदही बरीच कमी भरते. आमच्याकडे तेवढा पैसाही नव्हता आणि वेळही. मला अभ्यासायचं होतं बेंडिंग. म्हणून रिंगा लोखंडी आठ एमएमच्याच घेतल्या, आणि मधल्या भागात, जिथे शिअर (छेदाला कापू पाहणारं बल) नसतो, तिथे त्या ठेवल्याच नाहीत. किनाऱ्यावरच्या खऱ्या कामात अर्थातच हे चालणार नाही. गंजाला घाबरून काचेची सळई घालायची आणि तिच्याबाहेर, कव्हरच्या आणखी जवळ, लोखंडी रिंग ठेवायची, याला काही अर्थ नाही.

कापायला ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड. कापताना जी पांढरी पूड उडते ती काचेची असते. मास्क, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एवढं घालूनही संध्याकाळी मनगटं आणि मान खाजत राहायची. मामांनी त्यावर खोबरेल तेलाचा उपाय सांगितला होता. तो चालला नाही.

सळईची ताण-चाचणी हा वेगळाच उद्योग निघाला. लोखंडी सळई यूटीएमच्या, म्हणजे ताण-चाचणीच्या यंत्राच्या, जबड्यात घालायची आणि ओढायची, पाच मिनिटांचं काम. काचेच्या सळईला आडवा दाब सोसत नाही, जबड्याचे दातच तिला चिरडतात आणि खरी ताकद कळायच्या आत ती टोकाशी फुटते. त्यासाठी दोन्ही टोकांना लोखंडी पाइपचे तुकडे चढवायचे, आत सळई बरोबर मधोमध उभी करायची, पोकळीत इपॉक्सी भरायचं, ते वाळू द्यायचं, मग सळई उलटी करून दुसऱ्या टोकाला तेच. जबडा पाइपला धरतो आणि सळईला हळूच ओढतो. पाइपमध्ये सळई जरा तिरकी बसली की नमुना वाया. हे सगळं सांभाळून जे आकडे आले, त्यांत ताणशक्ती ९०० एमपीएच्या जरा वर आणि ई, म्हणजे ताठपणाचा आकडा, ४८ जीपीएच्या आसपास होता.

त्या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट आहे. एफई ५०० सळई ५०० एमपीएला यील्ड होते, म्हणजे ताकदीत काच जवळजवळ दुप्पट. पण लोखंडाचा ई २०० जीपीए. म्हणजे ताठपणात काच लोखंडाच्या पावपटच. शिवाय आलेख. लोखंडाचा आलेख सरळ चढतो, वळतो, मग बराच वेळ आडवा चालतो. काचेचा सरळ चढतो, चढतो, चढतो आणि संपतो. आडवी रेघ नाहीच. शेवटच्या काही क्षणांत तट्‌तट् आवाज येतात, बाहेरचे तंतू सुटायला लागतात, आणि मग धाडकन सळईचा मधला भाग पिंजून खराट्यासारखा होतो.

त्या खराट्याकडे बघताना सरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं पटलं. यील्ड होणं हेच जिच्या स्वभावात नाही, ती सळई इशारा कसला देणार? तिला आधी तुटू दिलं तर बीमच्या खाली उभ्या माणसाला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा काँक्रीट चिरडलेलं परवडलं. ते निदान वरच्या कडेला आडव्या भेगा, ढलप्या दाखवत जातं. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं एसीआय ४४०.१आर हे मार्गदर्शक हेच सांगतं आणि आकड्यातही मांडतं. सळई तुटून जाणाऱ्या बीमला ताकद कमी करणारा गुणक ०.५५, काँक्रीट चिरडून जाणाऱ्याला ०.६५. लोखंडाच्या बाबतीत ज्याला आपण वाईट मरण म्हणतो, ते इथे त्यातल्या त्यात बरं. आपल्याकडे या सळयांसाठी आयएस १८२५६ हे मानक २०२३ मध्ये आलं, पण ते सळई कशी असावी एवढंच सांगतं. बीमचं डिझाइन करताना आम्ही एसीआयचाच आधार घेतला.

बीम १५० बाय २००, लांबी दीड मीटर, आधारांमधलं अंतर १३५०. खाली दहा एमएमच्या दोन सळया. आधी कागदावर हिशोब केला. या छेदाला बॅलन्स्ड प्रमाण (काँक्रीट आणि सळई एकाच वेळी जातील एवढी सळई) साधारण ०.३४ टक्के येत होतं, आमच्या दोन सळयांचं ०.६५ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट, ओव्हर-रिइन्फोर्स्ड, हवं तसं. तिसऱ्या हिश्श्याच्या दोन बिंदूंवर भार दिला तर एकूण ६६ किलोन्यूटनला बीम जायला हवा. तेवढ्याच जाडीच्या दोन एफई ५०० सळया घातल्या तर ५३ ते ५७. इथपर्यंत मी खूश होते. काच जिंकत होती.

मग सेवाभाराचा, म्हणजे रोजच्या वापरातल्या भाराचा, हिशोब सुरू केला आणि आनंद ओसरला. तडे गेल्यानंतरचा जडत्व-आघूर्ण, म्हणजे क्रॅक्ड मोमेंट ऑफ इनर्शिया, लोखंडी बीमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सळई ताठ नसल्यामुळे न्यूट्रल अ‍ॅक्सिस पार वर सरकते. लोखंडी बीममध्ये ती वरून ४३ मिलिमीटरवर, इथे २३ वर. म्हणजे दाब सोसणारा काँक्रीटचा थर आमच्या वीसच्या खडीपेक्षा थोडासाच जाड. त्याच्या खालचं सगळं काँक्रीट तडकलेलं, नुसतं वजन वाहणारं. काँक्रीटचा शिअरमधला वाटाही याच कारणाने घटतो. लोखंडी बीममध्ये जो २३ किलोन्यूटन धरता येतो तो इथे आठवर येतो. म्हणून रिंगा ७५ मिलिमीटरवर घट्ट ठेवल्या.

त्यात आणखी तीन बंधनं. काच सतत ताणाखाली राहिली तर काळाच्या ओघात कमी ताणालाही तुटू शकते, त्याला क्रीप रप्चर म्हणतात. त्यामुळे कायमच्या भाराखालचा ताण तिच्या ताकदीच्या वीस टक्क्यांत ठेवायचा. आमच्या बीमला हे १९ किलोन्यूटनला येतं. तड्याची रुंदी ०.७ मिलिमीटरपर्यंत चालते. सळई गंजत नसल्यामुळे ही मर्यादा लोखंडापेक्षा सैल आहे, तरी आमच्या हिशोबात ती २० किलोन्यूटनलाच गाठली जात होती. आणि स्पॅनच्या अडीचशेव्या भागाइतकं, म्हणजे ५.४ मिलिमीटर, डिफ्लेक्शन (झुकणं) २८ किलोन्यूटनला. मोडायला ६६ लागणारा बीम, पण वापरायला वीसच्या आसपास. उरलेली ताकद सळईत पडून, कुणाच्याही उपयोगाची नाही.

फायबर, म्हणजे काँक्रीटमध्येच मिसळायचे छोटे तंतू, या ठिकाणी आले. टोकं वाकवलेले स्टीलचे, अर्धा टक्का आणि एक टक्का, आणि जोडीला पॉलिप्रॉपिलिनचे जाड फायबर अर्धा टक्का. टक्के आकारमानाचे. एक टक्का स्टील फायबर म्हणजे घनमीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो, आमच्या एका बीमला साडेतीन किलो. पॉलिप्रॉपिलिन अर्धा टक्का म्हणजे एका बीमला जेमतेम दोनशे ग्रॅम. तराजूवर दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच कामाचे आहेत असं वाटत नाही.

मिक्स एम-४० च्या वर्गातला, आयएस १०२६२ प्रमाणे काढलेला. खडी आपली नेहमीची काळी, बेसाल्टची, वीस आणि दहा एमएम. वाळूच्या जागी क्रश सँड. फायबर घातले की स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) धाडकन पडतो, हे माहीत होतं म्हणून सुपरप्लास्टिसायझर हाताशी ठेवलं होतं. एक टक्क्याच्या मिश्रणाला मिक्सर कुरकुरायचा. फायबर एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात, म्हणून मी आणि एक ज्युनिअर हातमोजे घालून ते मिठासारखे भुरभुरवत होतो आणि मामा फावड्याने मिक्सरच्या तोंडाशी चिकटलेलं परत आत ढकलत होते. स्टील फायबर हातमोज्यातूनही टोचतात. पॉलिप्रॉपिलिनचे टोचत नाहीत, पण वाऱ्याने उडतात.

ओतताना एक गोष्ट नेमकी आठवून ठेवावी लागते. काचेची सळई काँक्रीटपेक्षा हलकी आहे. नीडल व्हायब्रेटर लावला की ती वर तरंगायला बघते. लोखंडी सळई कव्हर ब्लॉकवर ठेवली की आपल्या वजनाने बसते, हिला मात्र खाली बांधून ठेवावं लागतं. आम्ही रिंगांना प्लॅस्टिकचे टाय आवळले आणि साच्याच्या तळातून तार काढून सळया खाली ओढून धरल्या. दोन सेंटिमीटर सळई वर गेली असती तर माझा सगळा हिशोब दुसऱ्याच कुठल्या बीमचा झाला असता.

सळईच्या मध्यावर वाळूचा थर घासून स्ट्रेन गेज (सळई किती ताणली ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवले होते, वर इपॉक्सी, वर टेप. तरी व्हायब्रेटरच्या दणक्यात निम्मे गेले. हे सगळ्यांचंच होतं म्हणे. पुढच्या मुलांना एवढंच सांगेन की एका सळईला एकच गेज लावून देवावर भरवसा ठेवू नका.

क्युरिंगच्या अठ्ठावीस दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गोणपाट, पाणी, रविवारीही पाणी.

चाचणीच्या आधी बीमला चुना मारला, वर पेन्सिलने पन्नास मिलिमीटरची चौकट आखली. तडा कुठून निघाला, कुठवर चढला ते पांढऱ्यावर दिसतं. लोडिंग फ्रेममध्ये बीम रोलरवर, वर स्प्रेडर बीम, त्यावर जॅक आणि लोड सेल, खाली मध्यभागी आणि दोन्ही भारांखाली एलव्हीडीटी (बीम किती झुकला ते मोजणारी उपकरणं). ज्युनिअर पंप मारणार, मी मायक्रोस्कोपने तड्याची रुंदी बघणार आणि स्केचपेनने तड्याच्या टोकाशी भार लिहिणार. भार बराच वाढला की बीमजवळ जायचं नाही आणि एलव्हीडीटी काढून घ्यायचे. बीम गेला तर दुसरा ओतता येतो, एलव्हीडीटी गेला तर खरेदी समितीकडे अर्ज करावा लागतो.

लोखंडी बीम आधी मोडला. अपेक्षेप्रमाणे पंधराच्या सुमाराला पहिला तडा, पंचावन्नच्या आसपास सळई यील्ड, मग भार जागच्या जागी आणि बीम खाली खाली. शिस्तीचा बीम. मामांनी यापूर्वी असे शेकडो पाहिलेले, ते मध्येच चहा आणायला गेले.

काचेच्या, बिनफायबरच्या बीमला पहिला तडा जवळपास त्याच भाराला गेला. ते बरोबरच आहे, तडा जाईपर्यंत सळईचा फारसा संबंधच नसतो. पण तडा जाताच लोड सेलवरचा आकडा खाली घसरला आणि डिफ्लेक्शनने उडी मारली. तडा तळापासून निघून एका दमात दोन-तृतीयांशावर उंच गेला. दुसरा, तिसरा, तसेच. पंचवीस किलोन्यूटनला मायक्रोस्कोप लावायची गरजच उरली नाही, डोळ्यांनी दिसत होतं. चाळीसला बीम स्पष्ट कमान झाला होता. हिशोबात अकरा मिलिमीटर आले होते, दिसतही तेवढेच होते. तेवढ्याच भाराला लोखंडी बीम तीन मिलिमीटरच्या जरा वर झुकला होता. मामा चहा घेऊन आले, बीमकडे बघून म्हणाले, "आता जातंय बगा," आणि लांब उभे राहिले. तो मात्र गेला नाही. साठच्या पुढे वरच्या कडेला बारीक आडव्या चिरा दिसल्या, एक ढलपी उडाली, आणि मग एकदम दणका. वरचा पाचरीसारखा तुकडा सुटून फ्रेमवर आपटला आणि भार निम्म्यावर आला.

मग ज्युनिअरने जॅकचा व्हॉल्व्ह सैल केला, आणि बीम सरळ झाला. पूर्ण नाही, पण बराच. आत्ता वीसेक मिलिमीटर झुकलेला बीम उठून बसला, खालचे तडे मिटले, लांबून पाहणाऱ्याला वरचा चिरडलेला भाग सोडला तर काही झालंय असं वाटू नये. शेजारीच लोखंडी बीम वाकलेलाच पडला होता. सळई शेवटपर्यंत इलॅस्टिक राहिली होती. वाचलेल्या एका गेजवर १.३ टक्के स्ट्रेन नोंदला होता, एफई ५०० यील्ड होते त्याच्या पाचपट, आणि तरी ती तुटली नव्हती. पुस्तकात हे एका ओळीत असतं. समोर पाहताना जरा भीती वाटते. भूकंपात किंवा अपघाती भारात असा बीम जवळजवळ काहीच ऊर्जा पोटात ठेवून घेत नाही, सगळी परत देतो.

सरांच्या सांगण्यावरून एक बीम मुद्दाम कमी सळईचाही ओतला होता, सहा एमएमच्या दोन. बॅलन्स्डच्या खाली. तो पस्तिसाच्या घरात गेला. इशारा म्हणाल तर फक्त तट्‌तट् आवाज. दोन्ही सळया तुटून बीमचे दोन तुकडे, आणि तुकडे फ्रेमच्या दोन बाजूंना. लोखंडी बीमचे दोन तुकडे होताना मी कधी पाहिले नव्हते. ओव्हर-रिइन्फोर्स्ड का, हे ज्याला पटत नाही त्याला हा एक बीम दाखवावा.

फायबरच्या बीमांनी मला ज्या गोष्टी दाखवल्या त्या दणक्यात नव्हत्या. पहिला तडा गेला तेव्हा डिफ्लेक्शनने उडी मारली नाही. आकडा जरासा थांबला आणि पुढे चढत राहिला. तडे जास्त, जवळजवळ, बारीक. बिनफायबरच्या बीमच्या मधल्या भागात मोजके चार-पाच रुंद तडे होते, एक टक्क्याच्या बीमच्या तेवढ्याच भागात स्केचपेनच्या रेघांची इतकी गर्दी झाली की भार लिहायला जागा पुरेना. सळई आणि फायबर दोघे मिळून ताण घेतात. तड्याच्या दोन्ही काठांना फायबर धरून बसतात, त्यामुळे तड्यापाशी सळईवर एकदम बोजा येत नाही. वीस किलोन्यूटनला, जिथे कागदावर आमची मर्यादा संपत होती, तिथे रुंदी बिनफायबरच्या निम्म्यावर आली होती. डिफ्लेक्शनही उतरलं, पण तेवढं नाही. शेवटी ताठपणा सळईचा आहे, फायबर काचेचा ई वाढवू शकत नाहीत.

शेवटही वेगळा झाला. वरचं काँक्रीट चिरडायला लागलं, पण ढलपी उडाली नाही. फायबर तिला धरून राहिले. भार शिखरावर पोचून हळूहळू उतरायला लागला, परत थोडा सावरला, परत उतरला. ज्युनिअर पंप मारतोय आणि बीम अजून उभाच. एसीआय काँक्रीटचा चिरडण्याचा स्ट्रेन ०.००३ धरतं, आयएस ०.००३५. फायबर घातलेलं काँक्रीट त्याच्या बरंच पुढे जाऊन मग सोडतं. सळईला इशारा देता येत नसेल तर तो काँक्रीटने द्यायचा, आणि फायबर काँक्रीटला तो सावकाश द्यायला लावतात. माझ्या अख्ख्या प्रबंधाचा जीव या एका वाक्यात आहे, बाकीची पानं आलेखांची.

पॉलिप्रॉपिलिनचे बीम बिनफायबरचे आणि स्टील फायबरचे यांच्या मधे. तडा गेल्यावर ते जरा उशिरा पकड घेतात, कारण तेही ताठ नाहीत. शेवटाला मात्र अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. किनाऱ्यासाठी मला तेच जास्त पटतात. स्टील फायबर एकमेकांना लागून नसल्यामुळे गंज आत पसरत नाही हे खरं, पण पृष्ठभागावरचे गंजतात. आमच्या क्युरिंगच्या टाकीजवळ ठेवलेल्या बीमांवर काही आठवड्यांतच तांबडे ठिपके आले होते. गंजमुक्त बीम म्हणून विकायचा आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच पावसाळ्यात ठिपके दाखवायचे, हे जमणार नाही.

अर्धा की एक टक्का, या प्रश्नाला माझं उत्तर अर्धा. एक टक्क्याला नीट कॉम्पॅक्शन होत नाही. साचा काढल्यावर दोन बीमांच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली होती, ती भरून चाचणी न घेता ते बीम सरळ बाजूला ठेवावे लागले. लॅबमध्ये तीन माणसं एका बीमच्या मागे होती तरी हे. साइटवर स्लॅब ओतताना काय होईल ते मी पाहिलेल्या साइट आठवून सांगू शकते.

ऊर्जेच्या भाषेत हे कसं मांडायचं यावर मात्र बराच वेळ गेला. लोखंडी बीमची डक्टिलिटी, म्हणजे मोडण्याआधी तो किती झुकत जातो ते, यील्डच्या वेळच्या डिफ्लेक्शनशी तुलना करून काढतात. इथे यील्डच नाही, मग कशाशी तुलना? कॅनडाच्या पुलांच्या कोडमध्ये यावर डिफॉर्मेबिलिटीचा एक व्यवहारी तोडगा आहे. काँक्रीटमधला स्ट्रेन ०.००१ असताना जो मोमेंट आणि वक्रता असते, त्यांचा गुणाकार, आणि शेवटच्या क्षणीचा मोमेंट आणि वक्रता यांचा गुणाकार, यांचं गुणोत्तर काढायचं. आयताकृती छेदाला ते निदान ४ पाहिजे, टी छेदाला ६. काचेच्या सळया पुलांच्या डेकमध्ये वापरण्याचा अनुभव कॅनडाकडे मोठा आहे, रस्त्यावरच्या मिठामुळे त्यांचं लोखंडही आमच्या कोकणासारखंच गंजतं. आमचे बिनफायबरचे बीमही चारच्या वर बसले, फायबरचे आरामात. मला हे मोजमाप आवडलं, कारण ते बीम किती झुकला एवढंच विचारत नाही, वापराच्या पातळीपासून मोडण्यापर्यंत किती अंतर आहे ते विचारतं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो मला लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण विचारत होता. "फायबरमुळे स्ट्रेंग्थ किती टक्के वाढली?" मी सांगितलं, मिश्रणाप्रमाणे दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान, आणि तो या कामातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. बिनफायबरचा बीमच ६६ च्या जवळ जातो आणि आपण तो वीसला वापरतो. ६६ चा ७५ झाला काय आणि ८० झाला काय, वापरणाऱ्याला फरक पडत नाही. त्याला फरक पडतो वीसला तडा किती रुंद आहे याने, आणि कधी दुर्दैवाने साठच्या वर गेलाच तर बीम कसा जातो याने. त्यांनी चष्मा काढून आलेख जवळ घेतला आणि शिखराच्या उजवीकडचा, उतरणीचा भाग बराच वेळ पाहिला. मग आगीबद्दल विचारलं. तिथे माझ्याकडे बचाव नव्हता. शंभर अंशांच्या थोडं पुढे रेझिन मऊ पडायला लागतं, सळईची काँक्रीटवरची पकड सुटते. म्हणून घराच्या बीमला मी ही सळई आजही सुचवणार नाही. जेट्टी, समुद्राकाठची संरक्षक भिंत, खाऱ्या पाण्याची टाकी, पुलाचा डेक, किंवा एमआरआयची खोली, जिथे लोखंड चालतच नाही, तिथे जरूर. मेट्रोच्या कामात ज्या भिंतीतून पुढे टनेल बोरिंग मशीन आरपार जायचं असतं, तिथेही ही सळई घालतात. तिथे तिचा उपयोग असा की ती यंत्राला सहज कापता येते.

आमच्या गावच्या ठेकेदाराने यातलं सगळं ऐकून घेतलं आणि दर विचारला. दर ऐकून म्हणाला, मीटरचा आहे की किलोचा? लोखंड आपल्याकडे किलोवर घेतात, ही सळई मीटरवर मिळते, आणि किलोचा भाव काढला की ती उगाच महाग दिसते. त्याला मी वजनाचा हिशोब करून दाखवला, तेवढ्यापुरतं त्याला पटलं. मग त्याने रिंगांचं विचारलं, आणि तिथे बोलणं संपलं.

प्रबंधाच्या शेवटच्या तक्त्यात मला पहिला रकाना तड्याच्या रुंदीचा हवा होता, दुसरा डिफॉर्मेबिलिटीचा. विभागाच्या ठरलेल्या नमुन्यात पहिला रकाना 'अल्टिमेट लोड' होता. तो तसाच ठेवून बाकीचे दोन उजवीकडे, थोड्या बारीक टायपात बसवले.